पहिला खर्डा हाताने

भिलाईच्या पावर हाउस स्टेशनवरून पश्चिमेकडे निघालेली गाडी दुर्ग ओलांडून राजनांदगावला पोहोचते. तिथल्या दिग्विजय महाविद्यालयात १९५८पासून शिकवणारे गजानन माधव मुक्तिबोध मराठीभाषक घरातले. कविता त्यांनी हिंदीत लिहिली आणि दीर्घ कवितांचे खर्डे ते पुन्हा पुन्हा नव्याने लिहीत राहिले.

कागदावर खोडलेली ओळ शिल्लक राहते, तिच्याकडे परतता येतं. पडद्यावर ती सहज पुसली जाते. म्हणून नव्या लेखकांना आमचा आग्रह आहे : पहिला खर्डा वहीत लिहा. परिच्छेद हलवायला, शुद्धलेखन तपासायला, मजकूर पाठवायला संगणक किंवा मोबाइल जरूर वापरा. ज्यांना टाइप करणं जमत नाही, त्यांनी हस्तलिखित पाठवावं. तेही आम्ही तितक्याच आस्थेने वाचू.

– संपादक