बाळ आज हललं का?

नवेगाव बांध म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? अठराव्या शतकात कोलू पाटील कोहळी यांनी बांधलेला अफाट तलाव, थंडीत उतरणारे पक्षी आणि मारुती चितमपल्लींची पुस्तकं. मीही गळ्यात दुर्बीण अडकवून त्यासाठीच गेले होते. पण लक्षात राहिला तो तिथल्या एका आशाताईंचा प्रश्न. सातवा महिना उलटलेल्या बाईच्या दारात पाय ठेवला, की ताई आधी विचारतात, ‘बाळ आज हललं का?’

प्रश्न साधा, पण त्यामागचा विषय आपण टाळतोच. डोहाळजेवणाचे फोटो सगळ्यांना पाठवतो. ‘पोटातच गेलं’ हे मात्र कुजबुजत सांगतो. सरकारी कागदावर त्याला ‘उपजत मृत्यू’ म्हणतात. देशादेशांची तुलना करताना २८ आठवड्यांनंतरचे असे मृत्यू मोजतात. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०१९ मध्ये जगात सुमारे २० लाख बाळं अशी गेली. दर १६ सेकंदांना एक! त्यातली ४० टक्क्यांहून जास्त कळा सुरू झाल्यानंतर गेली. म्हणजे वेळेवर मदत मिळती, तर त्यातली बरीच वाचली असती.

मग सगळं नशिबावर कसं ढकलायचं? आईचं वाढलेलं बीपी, मधुमेह, रक्तक्षय, मलेरिया किंवा सिफिलिससारखा संसर्ग, वार वेळेआधी सुटणं, बाळाची वाढ खुंटणं, जन्मजात दोष, अडलेली प्रसूती, दिवस उलटून जाणं... यादी मोठी आहे. पण यातलं बरंच काही तपासणीत आधी कळू शकतं. काही वेळा मात्र सगळ्या तपासण्या करूनही कारण सापडत नाही, हेही खरं.

नवेगावच्या बाजूला या यादीत आणखी भर पडते. विदर्भात सिकलसेलचं प्रमाण बरंच आहे आणि या आजारात गरोदरपण जोखमीचं असतं. जंगलपट्ट्यात मलेरिया आहे. शिवाय खर्रा! मुंबईतल्या गरोदर बायकांचा एक अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. मशेरीसारखा, धूर न होणारा तंबाखू वापरणाऱ्यांमध्ये उपजत मृत्यूचा धोका सुमारे अडीचपट दिसला. त्यात गोंदिया शहर इथून साठ-पासष्ट किलोमीटर. कळा अडल्या, की हे अंतर मिनिटांत मोजावं लागतं. म्हणूनच राज्याच्या आदिवासी भागांत ‘माहेरघर’ची सोय केली गेली. तारीख जवळ आली, की बाईनं आरोग्य केंद्राशेजारीच येऊन राहायचं.

आता आपल्याकडे बघू. आपल्याला हॉस्पिटल दोन सिग्नलवर. पण पस्तिशीनंतरचं गरोदरपण, वाढलेलं वजन, सिगरेट, आणि ‘प्रेझेंटेशन झालं की जाते चेकअपला’ ही आपली खास सवय... जोखीम इथेही आहेच, फक्त तिचे कपडे फॉर्मल आहेत. बीपीचा पट्टा हाताला बांधायला पाच मिनिटं लागतात, मीटिंग थांबू शकते. सरकारी दवाखान्यांत तर २०१६ पासून दर महिन्याची ९ तारीख गरोदर बायकांच्या मोफत तपासणीसाठी ठेवली आहे.

लक्षात ठेवायच्या गोष्टी मोजक्याच. २८ आठवड्यांनंतर झोपताना कुशीवर झोपा. जाग आल्यावर पाठीवर असाल तर घाबरू नका, पुन्हा कूस बदला. बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी वाटली, तर ‘उद्या बघू’ नको, तेव्हाच हॉस्पिटल गाठा. रक्तस्राव, पाणी जाणं, खूप डोकं दुखणं, नजर अंधूक होणं, चेहऱ्यावर अचानक सूज येणं, यांनाही हाच नियम. बॉसला नंतर सांगता येतं.

आणि इतकं करूनही एखादीच्या वाट्याला ते दुःख आलंच तर? माझ्या ओळखीतली एक जण तीन आठवड्यांत कामावर परतली, कारण ‘बाळच नाही तर रजा कशाची’ असं तिला कुणीतरी ऐकवलं होतं. खरं तर १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यानं ‘मूल’ या शब्दात मृत जन्मलेलं बाळही धरलं होतं. कायद्याला तेव्हाच कळलं होतं, की ती बाळंतीणच असते. अंग दुखतं, दूध येतं, झोप उडते.

तेव्हा शेजारच्या डेस्कवरची अशी मैत्रीण परत आली, तर ‘काय चुकलं गं?’ किंवा ‘होईल दुसरं’ म्हणू नका. तिनं बाळाचं नाव ठरवलं असेल, तर ते ऐकून घ्या. आणि तिच्या वाटणीचं काम चार दिवस आपल्याकडे घ्या.