सासऱ्यांची फियाट

शीव कोळीवाड्याच्या एका भगिनीचे पत्र आले आहे. सासरे मोटार मेकॅनिक होते. त्यांची १९६८ सालची फियाट ११०० त्यांनी जिवापाड जपली, जवळजवळ सगळे सुटे भाग मूळचेच. सासऱ्यांचा इंतकाल झाला. आता नातवाला तिच्यात नवे इंजिन बसवून ती हौशी शर्यतीत उतरवायची आहे. त्याचे अब्बा म्हणतात, शर्यत हराम, गाडी विकून टाका. बाप-लेकाचे बोलणे बंद आहे.

आधी हराम या शब्दाचे पाहू. हुजूर (स.) यांनी मदीनेत घोड्यांची शर्यत लावली होती आणि इब्ने उमर (रजि.) तिच्यात होते, हे सहीह बुखारीत आहे. तेव्हा शर्यत मुळातच नाजायज, असे म्हणता येत नाही. तिच्यावरची पैज हा जुगार, तो हराम. जीव धोक्यात घालणेही तसेच. रात्री रिकाम्या रस्त्यावर पैजेने गाड्या पळवणारी पोरे मुंबईने पुष्कळ पाहिली, आणि त्यांचे जनाजेही. सार्वजनिक रस्त्यावर परवानगीवाचून शर्यत लावली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मुलाला शर्यतच हवी असेल तर जागा बंदिस्त ट्रॅकची. पूर्वी मद्रासजवळ शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर अशा शर्यती होत, फियाटही धावत.

पण हीच गाडी का? चारही चाकांना ड्रम ब्रेक, ज्या काळात घडली त्या काळात पट्ट्यांची पद्धत नव्हती. नवे इंजिन वेग देईल, ब्रेक मात्र जुनेच राहतील.

शिवाय एक नियम नातवाने वाचलेला दिसत नाही. २०२१ पासून पन्नास वर्षांहून जुन्या खाजगी गाडीला ‘व्हीए’ मालिकेचा खास क्रमांक मिळतो. नोंदणी वीस हजार रुपये, दहा वर्षांसाठी. नूतनीकरण पाच हजार. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी. चॅसिस, बॉडी किंवा इंजिन बदलले की हा मान गेला. ही गाडी रोजच्या वापराला नाही. प्रदर्शन, जुन्या गाड्यांची रॅली, दुरुस्ती, पेट्रोल, एवढ्यासाठीच रस्त्यावर येते. पोराची हौस त्यात भागू शकते, आणि आम्हाला तरी ती शर्यतीपेक्षा मोठी वाटते.

आता पत्रात ओझरते आलेले, पण आमच्या मते सर्वांत महत्त्वाचे. सासूबाई हयात आहेत, दोन नणंदा आहेत. मग गाडी कोणाची? मय्यतीचे कर्ज आणि वसीयत भागवून उरलेल्या मालमत्तेत ही फियाटही आली. सासूबाईंचा आठवा हिस्सा. उरलेले मुलामुलींत, मुलाला मुलीच्या दुप्पट. बाप हयात असताना नातू वारसच नाही, म्हणून इंजिनाला हात लावायचा त्याला हक्क नाही. आणि बहिणींना न विचारता विकायचा हक्क अब्बांनाही नाही. घरातल्या बायकांना या भांडणात कोणी विचारलेच नाही, हे पत्रावरून स्पष्ट दिसते.

चौघांनी बसून ठरवावे. ठेवायची असेल तर ज्याला हवी त्याने बाजारभावाने बाकीच्यांचे हिस्से चुकते करावेत, किंवा त्यांनी राजीखुशीने सोडावेत. मालकाच्या मृत्यूनंतर तीन महिन्यांच्या आत वारसाच्या नावावर करण्यासाठी आरटीओत ३१ नंबरचा फॉर्म भरायचा असतो. सासरे शाबानमध्ये गेले, म्हणजे दिवस थोडे उरले आहेत.