गावाची बातमी गावानेच लिहिली पाहिजे

हिंगणीचे नाव वर्तमानपत्रात केव्हा येते? बहुतेक वेळा वाघामुळे येते. बोर अभयारण्याला २०१४ साली व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. देशातल्या सर्वांत लहान व्याघ्र प्रकल्पांत त्याची गणना होते, पण त्याचा बोलबाला मोठा. 'कॅटरिना' नावाच्या वाघिणीचे आणि तिच्या बछड्यांचे फोटो नागपूरपासून मुंबईपर्यंत छापून आले. कोणत्या वाघिणीला किती पिल्ले झाली, ती कोणत्या पाणवठ्यावर दिसली, याची खबर शहरातल्या वाचकाला घरबसल्या मिळते.

त्याच जंगलाच्या कडेला ज्याचे वावर आहे, तो कास्तकार रात्रभर जागल करतो. पहाटे त्याचा डोळा लागतो आणि तेवढ्या वेळात रानडुकरे उभी ज्वारी लोळवून जातात. रोही पऱ्हाटीचे शेंडे खातात. हंगामात किती वावरे अशी गेली, किती जणांनी अर्ज केले, किती जणांना भरपाई मिळाली आणि किती जणांनी कंटाळून ज्वारी पेरणेच सोडले, याची नोंद पेपरात येत नाही. वाघीण मोजली जाते, कास्तकार मोजला जात नाही. धरण उशाला आणि कोरड घशाला, ही म्हण बोर धरणाच्या आसपासच्या कोरडवाहू शेतकऱ्याला पाण्याच्या बाबतीत नवी नाही. बातमीच्या बाबतीतही त्याची तीच गत आहे.

याबद्दल पेपरवाल्यांना शिव्या देऊन उपयोग नाही. पेपर जाहिरातीवर चालतो आणि जाहिरात शहरात खपते. तालुक्याच्या वार्ताहराकडे शंभरावर गावे असतात. तो अपघात लिहील, निवडणूक लिहील, पुढाऱ्याचा वाढदिवस लिहील. आपल्या गावात ज्या गोष्टीने आपले पैसे जातात किंवा येतात, ती गोष्ट तो लिहील अशी आशा धरून बसणे हाच भोळेपणा आहे. ती बातमी आपणच लिहिली पाहिजे.

बातमी न कळल्याची किंमत

गावाची बातमी ही रिकाम्या वेळेची करमणूक आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी पुढचा हिशेब नीट पाहावा.

ग्रामसभेपासून सुरुवात करू. कायद्याप्रमाणे ग्रामसभेची नोटीस सात दिवस आधी लागली पाहिजे. गणपूर्तीसाठी गावच्या मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० माणसे, यांतील जो आकडा कमी असेल तेवढी हजेरी लागते. ती भरली नाही तर सभा तहकूब होते. खरी मेख पुढेच आहे. तहकूब झालेली सभा पुन्हा भरते, तेव्हा गणपूर्तीची अटच राहत नाही. म्हणजे नोटीस कोपऱ्यात चिकटवली, कोणाला कळले नाही, सभा तहकूब झाली, की पुढच्या सभेत पाचपंचवीस माणसे बसून साऱ्या गावाचा ठराव करू शकतात. घरकुलाची यादी, पांदण रस्ता, विहिरीचे लाभार्थी सगळे त्यात आले. ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यावी, असेही कायदा सांगतो. ती आपल्या गावात कागदावर होते की खरोखर होते, हे आपल्या मायबहिणींनाच विचारा.

दुसरी बाब जंगली जनावरांच्या नुकसानीची. पीक खाल्ले किंवा तुडवले गेले, तर वनखात्याच्या भरपाईसाठी तीन दिवसांच्या आत कळवावे लागते. चौथ्या दिवशी ज्याला नियम कळला, त्याचे नुकसान तेवढेच असते, पण त्याच्या हातात काही पडत नाही. आता खरीप २०२६ पासून जंगली जनावरांचे नुकसान पीक विम्यातही धरण्याचे केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केले. त्यात ७२ तासांत कळवण्याची अट आहे. राज्य कोणते जिल्हे आणि कोणती जनावरे यादीत घालते, यावर सारे अवलंबून आहे. ती यादी हिंगणीच्या पारावर वाचली गेली नाही, तर मुंबईत निघालेल्या कागदाचा हिंगणीला काय उपयोग?

तिसरी बाब विम्याची. खरीप २०२५ पासून आपल्या राज्यात विम्याची भरपाई पीक कापणी प्रयोगांवर आणून ठेवली आहे. महसूल मंडळातल्या मोजक्या वावरांत ठरावीक मापाचा तुकडा आखतात, तेवढ्यातला माल काढून तोलतात आणि त्यावरून साऱ्या मंडळाचे उत्पन्न ठरवतात. ते ठरलेल्या उंबरठ्याच्या खाली आले तर भरपाई, वर गेले तर काही नाही. म्हणजे ज्या दिवशी तो तुकडा तोलला जातो, त्या दिवशी मंडळातल्या हजारो एकरांचा निकाल लागतो. प्रयोग कोणत्या वावरात आहे आणि कोणत्या दिवशी आहे, ही आपल्या गावातली वर्षातली सर्वांत मोठी बातमी म्हटली पाहिजे. ती किती जणांना आधी कळते?

पैसेवारीचेही तसेच. ५० पैशांच्या आत आली तर दुष्काळी सवलतींचे दार उघडते, वर गेली तर बंद होते. ती ठरवताना गावपातळीवर समिती असते, हरकत घेण्याची मुदत असते. पैसेवारी जाहीर झाल्यावर मोर्चा काढणारे आपण पुष्कळ आहोत. मुदतीत लेखी हरकत देणारे किती निघतात?

आणि कापूस. २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये ठरला. पण कापूस महामंडळाच्या केंद्रावर माल न्यायचा, तर 'कपास किसान' या ॲपवर आधी नाव नोंदवणे भाग होते. मुदत पुढे वाढवावी लागली, यावरूनच दिसते की पहिल्या मुदतीत खबर सगळीकडे पोचली नव्हती. ज्याला कळले त्याने नाव नोंदवले. ज्याला कळले नाही, त्याला बंडी खासगी व्यापाऱ्याच्या काट्यावर लावून मिळेल तो भाव घेणे आले. हमीभाव खर्चाला पुरतो की नाही, हा वेगळा वाद आहे आणि तो आपण घालतच राहू. पण जे आहे तेही न कळल्यामुळे हातचे जावे, याला काय म्हणायचे?

शेजारच्या जिल्ह्याचा धडा

पैशाचे नुकसान एक वेळ भरून निघते. २०१७ साली आपल्या शेजारी यवतमाळ जिल्ह्यात जे झाले, ते भरून निघणारे नव्हते. त्या खरिपात पऱ्हाटी माणसाच्या डोक्यापर्यंत वाढली होती, किडीचा जोर होता आणि फवारणी करणाऱ्या माणसांना विषबाधा होऊ लागली. पावसाळ्यातच रुग्ण दवाखान्यात येऊ लागले. राज्यात त्याचा बोभाटा झाला तो ऑक्टोबरच्या सुमारास. तोपर्यंत मरण पावलेल्यांची संख्या वीसच्या घरात पोचली होती. त्यांत मजुरीने फवारा मारणारे पुष्कळ होते.

प्रत्येक गावाला आपला एक माणूस आजारी पडल्याचे माहीत होते. शेजारच्या गावातही तसेच झाले आहे, हे माहीत नव्हते. एका गावात एक रुग्ण म्हणजे नशिबाचा फेरा वाटतो. दहा गावांत दहा रुग्ण एकाच कागदावर लिहिले, की कारण डोळ्यांपुढे येते. कोणते औषध, कोणता पंप, तोंडाला कापड होते की नव्हते, वारा कोणत्या बाजूचा होता, हे गावोगावच्या माणसांनी लिहून एकमेकांना सांगितले असते, तर काही घरांतला कर्ता माणूस वाचला असता असे आम्हांला वाटते. बातमीचे मोल यापेक्षा वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

हे आपल्याला नवे नाही

बातमी सांगणे ही शहराने आपल्याला शिकवलेली विद्या नव्हे. पोळ्याच्या दिवशी तोरणाखाली बैलजोड्या उभ्या राहतात आणि झडत्या म्हटल्या जातात. त्यांत महादेव-पार्वती असतात, तसाच सावकार असतो, कापसाचा भाव असतो, नापिकी असते, पुढाऱ्याची फजितीही असते. वर्षभरात गावाने काय भोगले, ते साऱ्या गावासमोर, साऱ्यांच्या तोंडावर सांगण्याची ही आपली रीत आहे. झडतीत ज्याचे नाव निघाले तो रागावला तरी तोरण सोडून जात नाही. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. आपल्याच सेलू तालुक्यातल्या सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा साऱ्या विदर्भात नावाजलेला. लेकरे लाकडी नंदी घेऊन बोजारा मागायला दारोदार फिरतात, आणि त्या निमित्ताने कोणत्या घरी काय चालले आहे हे गावाला कळते.

कोतवालाची दवंडी होती. चावडी होती. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची सामुदायिक प्रार्थना आपल्या भागात आजही कित्येक गावांत होते. सप्ताह होतो, काल्याचे कीर्तन होते, आठवडी बाजार भरतो. माणसे जमतात. जमण्यात आपण कमी नाही. मात्र जमल्यावर गावाची बातमी बोलण्याची सवय सुटली आणि तिची जागा चौकातल्या फलकांनी घेतली. त्यांवर वाढदिवसाच्या शुभेच्छा असतात, पीक कापणीची तारीख नसते.

छापण्याचेही तसेच. मुकुंदराव पाटील यांनी १९१० साली नगर जिल्ह्यातल्या सोमठाणे या खेड्यातून 'दीनमित्र' हे पत्र सुरू केले. पुढे ते नेवासे तालुक्यातल्या तरवडीहून निघू लागले. वीज नाही, पक्का रस्ता नाही अशा ठिकाणी छापखाना चालवून या माणसाने १९६७ पर्यंत, म्हणजे अर्धशतकाहून अधिक काळ ते पत्र चालवले. पत्र शहरातूनच निघाले पाहिजे, हा समज त्यांनी खेड्यात बसून खोटा ठरवला. आज हिंगणीत वीज आहे, रस्ता आहे, घरोघरी मोबाइल आहे. कमी आहे ती चिकाटी.

मोबाइलवर सगळे येते ना!

असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. येते हे खरे. पण काय येते? दिल्लीचे भांडण येते, दुसऱ्या राज्यातला जुना पूर कालचा म्हणून येते, फसवी योजना येते, बाजार समितीचा कधीचा तरी भाव आजचा म्हणून येतो. त्याखाली तारीख नसते, गाव नसते, सांगणाऱ्याचे नाव नसते. ज्याची जबाबदारी कोणी घेत नाही तिला बातमी म्हणत नाहीत, आवई म्हणतात. शिवाय कितीतरी म्हातारी माणसे, कितीतरी मायबहिणी आणि मजूर यांच्या हाती तो मोबाइल नसतोच. फवारा मारणारा बहुधा त्यांच्यातलाच असतो.

दुसरी शंका गावातल्या गटबाजीची. एका गटाने लिहिले की दुसरा गट म्हणणार, हा त्यांचा कागद आहे. ही शंका खरी आहे, म्हणून पथ्य पाळावे लागेल. मत लिहायचे नाही, घडले ते लिहायचे. कोणाच्या घरातली गोष्ट लिहायची नाही, चार जणांना लागू असेल तीच लिहायची. चुकले तर पुढच्या कागदावर पहिल्याच ओळीत दुरुस्ती करायची. गावाला एकदा भरवसा आला की दोन्ही गटांची माणसे त्याच फलकापुढे उभी राहतात, कारण कापसाचा भाव गट पाहून पडत नाही.

काय करायचे?

शेतकरी भावांनो आणि मायबहिणींनो, फार मोठे काही करायचे नाही. दर आठवड्याला एक पानभर कागद. त्यावर चार गोष्टी.

१) या आठवड्यात गावात काय घडले: नुकसान, आजार, जनावरांचा रोग, रोहित्र बंद, रस्ता खचला.

२) पुढच्या आठवड्यात काय आहे: ग्रामसभा, महिला सभा, पीक कापणी प्रयोग, अर्जाची शेवटची तारीख, सप्ताह, बाजार, शंकरपट.

३) भाव: आपल्या गावच्या माणसाने आपला कापूस, तूर, ज्वारी कोणत्या काट्यावर, काय भावाने दिली आणि चुकारा किती दिवसांनी मिळाला. छापील भाव आणि हातात पडलेला भाव यांतला फरक दिसू द्या.

४) मागे मागितलेल्या गोष्टीचे काय झाले: अर्ज कोणत्या तारखेला दिला, पोच मिळाली की नाही, आज किती दिवस झाले.

कागद शाळेत शिकणाऱ्या मुलीने किंवा मुलाने लिहावा, एका जाणत्याने तपासावा. एक प्रत पारावर, एक बाजाराच्या दिवशी, आणि एक प्रार्थनेनंतर किंवा भजनाआधी मोठ्याने वाचावी, म्हणजे ज्याला वाचता येत नाही त्यालाही कळेल. जुने कागद फेकू नयेत. वर्षाचे बावन्न कागद शिवून ठेवले, की विमा कंपनीपुढे, तहसिलात किंवा वनखात्यात बोलताना 'साहेब, आमचे फार नुकसान झाले' असे मोघम बोलावे लागत नाही. तारीख, वावरांची संख्या आणि अर्जाचा क्रमांक सांगता येतो. साहेबाला तोंडी गाऱ्हाण्याची सवय असते, तारखेची नसते.

हिंगणीसारखी दहा गावे असे कागद घेऊन जिल्हा बैठकीला आली, तर बैठकीची रीतच बदलेल. भाषणे कमी होतील आणि कोणत्या मंडळात काय बुडाले, कोणत्या केंद्रावर चुकारे थकले, कोणत्या शिवारात फवारणीचे रुग्ण निघाले, हे अर्ध्या तासात मांडता येईल. मग मागणी काय करायची, यावर वाद घालायला वेळ उरेल.

म्हणून पुढच्या जिल्हा बैठकीला येताना भाकरीबरोबर आपल्या गावचा एक कागद आणा. कच्चा असला तरी चालेल, पेन्सिलीने लिहिलेला असला तरी चालेल. त्यावर तारीख आणि गावाचे नाव मात्र असू द्या.