निठारीचा नाला आणि पडद्यावरचा खुनी



मागच्या आठवड्यात ‘सेक्टर ३६’ हा हिंदी चित्रपट पाहिला. थिएटरात नव्हे, मुलाच्या मोबाईलवर, दोन रात्रींत. एका बैठकीत पाहवला नाही. शेजारच्या मावशीही बसल्या होत्या. त्या मध्येच उठून गेल्या आणि परत आल्या त्या एकच विचारायला, “हे खरंच झालं होतं का हो?”

झाले होते. दिल्लीला लागून असलेल्या नोएडात निठारी नावाचे गाव आहे. गावाच्या भोवती बंगल्यांचे सेक्टर उठले आणि गावात भाड्याच्या खोल्यांतून बंगाल, बिहारकडून आलेली माणसे राहू लागली. कोणी कपड्यांना इस्त्री करणारा, कोणी बांधकामावर, बाया बंगल्यांत धुणीभांडी करणाऱ्या. २००५ पासून या घरांतली मुले नाहीशी होऊ लागली. आईबाप चौकीवर गेले की उत्तर ठरलेले : पोरगी कोणाबरोबर पळाली असेल, पोरगा रुसून गेला असेल, येईल परत. २९ डिसेंबर २००६ रोजी सेक्टर ३१ मधल्या डी-५ या बंगल्यामागच्या नाल्यातून कवट्या आणि हाडे निघाली, तेव्हा कुठे देशाला निठारी हे नाव कळले. त्याच्या सुमारे दीड महिना आधी त्याच शहरात एका मोठ्या कंपनीच्या अधिकाऱ्याचा लहान मुलगा पळवला गेला होता. त्यासाठी सारी यंत्रणा धावली आणि काही दिवसांतच तो सुखरूप घरी आला. आला हे चांगलेच झाले. पण इस्त्रीवाल्याच्या मुलीसाठी एक शिपाईसुद्धा धावला नव्हता.

आदित्य निंबाळकर यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट सप्टेंबर २०२४ मध्ये नेटफ्लिक्सवर आला. ही तफावत त्याने नेमकी पकडली आहे. दीपक डोब्रियाल यांचा फौजदार काही राक्षस नाही. तो फक्त ऐकत नाही. झोपडपट्टीतले बाप फोटो घेऊन येतात, तो कागद बाजूला सारतो. स्वतःच्या मुलीवर वेळ येते तेव्हा त्याचे डोळे उघडतात. मला हा भाग सर्वांत खरा वाटला. विक्रांत मॅसी बंगल्यातला नोकर झाला आहे. चौकशीच्या खोलीत तो आपले खून स्वयंपाकाची कृती सांगावी तसे सांगतो. तो लांबलचक प्रसंग अंगावर काटा आणतो. अभिनय उत्तम आहे, यात वाद नाही.

पण माझी तक्रार नेमकी याच प्रसंगाबद्दल आहे.

चित्रपट ‘सत्य घटनांवरून प्रेरित’ म्हणून आपल्यासमोर येतो. पाहणारा धरून चालतो की खऱ्या खटल्यातल्या नोकरानेही असेच सारे सांगितले आणि तेच खरे. खऱ्या खटल्यात त्या नोकराचे, सुरेंद्र कोली याचे, काय झाले? त्याला फाशी सुनावली गेली. सप्टेंबर २०१४ मध्ये फाशी अगदी तोंडाशी आली असता सर्वोच्च न्यायालयाने मध्यरात्रीनंतर स्थगिती दिली. पुढे दयेच्या अर्जाला लागलेल्या विलंबामुळे ती शिक्षा जन्मठेपेवर आली. मग १६ ऑक्टोबर २०२३ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने त्याला १२ खटल्यांत आणि बंगल्याचा मालक मोनिंदर सिंग पंधेर याला २ खटल्यांत निर्दोष सोडले. म्हणजे चित्रपट येण्याच्या जवळजवळ वर्षभर आधीच हा निकाल लागलेला होता! कबुलीजबाब ६० दिवसांच्या पोलीस कोठडीनंतर घेतलेला, धड वकिलाची मदत नाही, वैद्यकीय तपासणी नाही. घरच्या गरीब नोकराला राक्षस ठरवून मोकळे होण्याची सोपी वाट तपासाने धरली, अवयवांच्या व्यापाराची शक्यता सरकारी समितीने सुचवूनही नीट तपासली नाही, अशा अर्थाचे ताशेरे त्या निकालात आहेत. ११ नोव्हेंबर २०२५ रोजी सरन्यायाधीश भूषण गवई, न्या. सूर्यकांत व न्या. विक्रम नाथ यांच्या पीठाने उरलेल्या शेवटच्या खटल्यातही कोलीला सोडले. तोवर त्याची सुमारे १९ वर्षे तुरुंगात गेली होती.

आता सांगा, त्या मुलांच्या आयांनी काय समजायचे? हाडे खरी आहेत, मुले परत आलेली नाहीत, आणि गुन्हेगार म्हणून कायद्यापुढे कोणीच उभा नाही. गरिबाच्या मुलांची फिर्याद घेतली नाही, आणि घ्यावी लागली तेव्हा एका गरिबाचा जबाब घेऊन काम उरकले. चित्रपटाने यातला पहिला अन्याय दाखवला. दुसरा त्याच्या नजरेतून सुटला, किंवा प्रसंग रंगणार नाही म्हणून सोडला. निर्मात्यांनी शेवटी चार ओळी जरी या निकालाला दिल्या असत्या आणि त्या ठळक अक्षरांत, तर मी इतके लिहिले नसते.

मावशींनी पुढे विचारले, आपल्या वस्तीतले पोर हरवले तर? निठारीनंतर कायदा बराच बदलला आहे, म्हणून थोडक्यात सांगते. मे २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला आहे की हरवलेल्या मुलाची तक्रार आली की गुन्हा नोंदवलाच पाहिजे. ‘चोवीस तास थांबा, मग या’ हे ऐकून परत फिरू नका. हद्द आमची नाही असे म्हणाले तरी कोणत्याही ठाण्यात फिर्याद देता येते. तिची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्या. ठाण्यात घेतलीच नाही, तर लेखी तक्रार टपालाने जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांकडे पाठवा आणि पोच जपून ठेवा. मुलांसाठीचा मदतीचा फोन १०९८, पोलिसांचा ११२. मुलाचा अलीकडचा एक स्पष्ट फोटो घरात असू द्या. आपल्याकडे पुष्कळदा शाळेच्या ओळखपत्रावरचा जुना फोटोच तेवढा सापडतो.

आणि चित्रपट पाहायचाच असेल तर मुले झोपल्यावर पाहा. कापाकापीची दृश्ये आहेत, तीही लहानांवरची. आमच्या मावशींनी शेवटचा अर्धा तास पाहिलाच नाही. मला विचारून घेतला.