दिवाळीतला पाऊस

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी लेखकाने काय लिहावे, हा प्रश्न आपल्याकडे सहसा विचारला जात नाही. कारण त्याचे उत्तर आपण फार पूर्वीच ठरवून टाकले आहे. त्याने एक तर मागे सोडलेल्या घराच्या आठवणी काढाव्यात, नाही तर नव्या मुलखातील नवलाई आपल्याला सांगावी. पहिल्या प्रकाराला आपण स्मरणरंजन म्हणून नावे ठेवतो आणि तरीही ते आवडीने वाचतो. दुसऱ्याला प्रवासवर्णन म्हणतो. ज्या रस्त्यावरून तो रोज जातो, ज्या दुकानातून दूध आणतो, ज्या ऋतूत घामाघूम होतो, त्यांतून मराठी कविता किंवा कथा जन्माला येऊ शकते, ही शक्यता मात्र आपल्या वाङ्मयीन कल्पनेत बसत नाही. या आंधळेपणामुळे मराठी साहित्याचे जे नुकसान झाले आहे त्याविषयी, आणि त्यातील माझ्या स्वतःच्या वाट्याविषयी, येथे लिहावयाचे आहे.

गेली काही वर्षे वर्षातील चार-पाच महिने माझा मुक्काम मुलीकडे, चेन्नईतील गिंडी येथे असतो. मी मराठीचा अभ्यासक आहे हे कळल्यावर तेथे दीर्घकाळ वास्तव्य असलेल्या एका मराठी गृहस्थांनी आपल्या कवितांचे हस्तलिखित वाचावयास दिले. छंदावर त्यांची हुकमत आहे, शब्दांची निवड सुसंस्कृत आहे. त्या कवितांत मृग नक्षत्र लागते, पहिल्या सरीने माती दरवळते, श्रावणात ऊनपावसाचा खेळ रंगतो आणि आश्विनात आभाळ निवळून चांदणे पडते. सारे मराठी कवितेत पडणाऱ्या पावसाच्या शिरस्त्याप्रमाणे. अडचण एवढीच की यांतले काहीही गिंडीत असे घडत नाही.

गिंडीत मे महिन्यात जे येते त्याला तेथील लोक अग्निनक्षत्र म्हणतात. सूर्य कृत्तिकेत आणि तिच्या आसपास असतानाचे ते सुमारे पंचवीस दिवस. पुढे आपला मृग लागतो तेव्हा कुठे एखादी संध्याकाळची सर येते; उन्हाळा मात्र हटत नाही. खरा पाऊस येतो तो ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर, ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात, म्हणजे नेमका आपल्या कवितेतले आभाळ स्वच्छ होते तेव्हा. तेथे नरकचतुर्दशीच्या पहाटे तेल लावून अभ्यंगस्नान होते ते आपल्यासारखेच. पण बाहेर पुष्कळदा पाऊस कोसळत असतो आणि मुले ओल्या जिन्यात बसून फटाके वाळण्याची वाट पाहत असतात. २०१५ च्या डिसेंबरात हाच पाऊस अतिवृष्टी होऊन आला. अड्यार नदी पात्र सोडून वाहू लागली आणि आसपासच्या वस्त्या पाण्याखाली गेल्या. इतकी वर्षे या आभाळाखाली काढलेल्या कवीच्या संग्रहात तो पाऊस एका ओळीतही नाही. आणखी एक गोष्ट मला टोचत राहिली. कवितांत मृग नक्षत्र सात ठिकाणी आहे. पण ज्यांच्यावरून त्या नक्षत्राला नाव पडले, ते मृग एकदाही नाहीत. गिंडीचे राष्ट्रीय उद्यान शहराच्या पोटात जेमतेम पावणेतीन चौरस किलोमीटरवर पसरले आहे आणि तेथे काळवीट आणि चितळ आहेत. शेजारच्या आय. आय. टी.च्या आवारात चितळे भर रस्त्यात उभी दिसतात. कवीच्या खिडकीपासून ती फार लांब नसावीत. त्यांच्या कवितेपासून मात्र ती फार लांब राहिली.

दोष कवीचा आहे असे म्हणून हे प्रकरण मिटवता आले असते. मला ते जमत नाही, त्याचे कारण जुने आहे.

तीसएक वर्षांपूर्वी मी एका दिवाळी अंकाच्या संपादनात सहभागी होतो. गिंडीहूनच एक कथा आली होती. हा योगायोग आज मला खजील करतो. लेखक तेथील औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात कामाला होता. दिवाळीच्या आदल्या रात्री पावसात अडकलेले दोन कामगार, एक मराठी आणि एक तमिळ, बंद पडलेल्या यंत्राजवळ बसून रात्र काढतात, एवढेच तिचे कथानक. फुलवाल्या बाईकडून त्यांतला एक जण बायकोसाठी दोन मुळम मोगरा घेतो. रात्रभर तो गजरा यंत्राच्या दांड्यावर टांगलेला राहतो. कथा चांगली होती. मी लेखकाला कळवले की दिवाळीतला पाऊस मराठी वाचकाला खटकेल, तो काढता आला तर पाहावे. आणि ‘मुळम’सारखे शब्द वाचनात अडथळा आणतात. लेखकाने उत्तर पाठवले नाही. त्याचे पुढचे लिखाण मी कोठे पाहिले नाही. पाऊस हा त्या कथेचा कणा होता, हे मला तेव्हा कळले नाही असे नव्हे. वाचकाच्या सोयीपुढे मी ते कळणे बाजूला ठेवले. आज माझ्या हातात असलेल्या संग्रहातला मृगाचा पाऊस माझ्यासारख्या संपादकांनीच शिकवलेला आहे.

मराठीची परंपराच अशी आहे, असा बचाव कोणी करील. तो टिकणारा नाही. गिंडीपासून तीन-साडेतीनशे किलोमीटरवर तंजावर आहे. १६७६ च्या सुमारास तेथे भोसल्यांचे राज्य सुरू झाले आणि ते १८५५ पर्यंत टिकले. या पावणेदोनशे वर्षांत तेथील मराठी माणसाने कावेरीकाठी बसून केवळ कृष्णा-गोदावरीचे उसासे टाकले नाहीत. शहाजीराजांनी (कारकीर्द १६८४ ते १७१२) तेलुगूत आणि मराठीत नाटके रचली ती भोवतालच्या यक्षगानाच्या वळणाची. दुसऱ्या सरफोजींनी तर तमिळ कुरवंजीचा प्रकारच मराठीत आणला. कुरवंजी म्हणजे डोंगरातली भविष्य सांगणारी कुरव स्त्री. विरहिणी नायिकेचा हात पाहताना ती आपल्या मुलखाचे, डोंगरांचे, नद्यांचे वर्णन करते. सरफोजींच्या ‘देवेंद्र कुरवंजी’त ही बाई साऱ्या पृथ्वीचा भूगोल सांगते! युरोपीय शिक्षकाच्या हाताखाली तयार झालेल्या राजाचे नवे ज्ञान, रस्त्यावरच्या भविष्यवाल्या बाईचे तोंड आणि मराठी भाषा, यांचा हा मेळ तंजावरातच होऊ शकत होता. पुण्यात किंवा साताऱ्यात तो सुचण्याचे काही कारण नव्हते. आणि आपण काय केले? विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केले तेथून मराठी नाटकाचा आरंभ शिकवत राहिलो. त्यापूर्वी सव्वाशेहून अधिक वर्षे तंजावरात रचलेल्या मराठी नाटकांना तळटीपेत जागा दिली.

अलीकडची उदाहरणेही आहेत. पंडिता रमाबाईंनी ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ (१८८९) लिहिले ते तेथील घरे, शाळा, स्त्रियांचे उद्योग आणि संस्था जवळून पाहून. नवलाई सांगण्यावर त्या थांबल्या नाहीत. जी. ए. कुलकर्णी कित्येक वर्षे धारवाडात इंग्रजी शिकवत राहिले आणि सीमाभागातील गल्ल्या, माणसे, त्यांची कानडी वळणाची मराठी त्यांच्या कथेत कोणत्याही खुलाशाशिवाय आली. विलास सारंग इराकमध्ये बसरा येथे अध्यापक होते. त्या वास्तव्यातून ‘एन्कीच्या राज्यात’ ही कादंबरी निर्माण झाली. सुमेरी देवतेचे नाव शीर्षकात घेणारी ही कादंबरी मराठीच आहे. या तिघांना एकमेकांशी जोडणारे सूत्र शैलीचे नाही. जेथे राहतो ते ठिकाण लिहिण्याच्या लायकीचे आहे, हा विश्वास तिघांकडे होता.

येथे एक गंभीर आक्षेप विचारात घेतला पाहिजे. भालचंद्र नेमाडे यांच्या देशीयतेच्या विचाराने साहित्य आपल्या भूमीशी बांधलेले असते हे आपल्या पिढीला ठामपणे सांगितले, आणि ते सांगणे आवश्यक होते. परंतु या विचाराचा जो सोपा अवतार महाविद्यालयांतून पसरला आहे, त्यात भूमी म्हणजे जन्मभूमी आणि तीही नकाशावर महाराष्ट्र म्हणून रंगवलेली, असे समीकरण झाले आहे. ते मान्य केले तर गिंडीतल्या मराठी माणसाला भूमीच उरत नाही. त्याच्या पायाखाली जी आहे ती परकी. जी आपली आहे ती पायाखाली नाही. मग तो मृगाचा पाऊस पाडतो यात आश्चर्य कसले? देशी असणे याचा अर्थ जेथे राहतो तेथील ऊन, पाणी, माणसे यांच्याशी नाते असणे असा घेतला, तर त्या परत पाठवलेल्या कथेइतकी देशी कथा त्या वर्षी आमच्या अंकात दुसरी नव्हती.

दुसरा आक्षेप भाषेचा. भोवतालचा संसार तमिळमध्ये चाललेला असताना मराठीला त्यासाठी शब्द कोठून मिळणार? माझे उत्तर असे की शोधले तर मिळतात, आणि ते शोधणे हेच लेखकाचे काम आहे. सकाळी गिंडीच्या रेल्वे स्थानकाबाहेर फुलवाली ज्याला कनकांबरम म्हणते ती आपली अबोली. मुळम म्हणजे कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंतची लांबी, आपला जुना ‘हात’. उद्यानातल्या ज्या काटेरी झुडपाला तमिळमध्ये रानलिंबू या अर्थाचे नाव आहे त्याला मराठीत माकडलिंबू म्हणतात. मार्गळीचा महिना आपल्या धनुर्मासाशी जुळतो. धुंधुरमासात आपल्याकडे सूर्योदयापूर्वी खिचडीचा नैवेद्य दाखवीत, तेथे त्याच वेळी दारापुढे तांदळाच्या पिठाचे कोलम उमटते. आपल्या ठिपक्यांच्या रांगोळीत रेघ ठिपक्याला जोडते, त्या कोलमच्या एका प्रकारात ती ठिपक्याला स्पर्श न करता त्याच्याभोवती वळसे घेत जाते. हा फरक पाहण्यासाठी मराठी डोळाच हवा; तमिळ माणसाला तो जाणवण्याचे कारण नाही. दोन भाषांच्या मध्ये राहणाऱ्याला जे दिसते ते त्या दोहोंपैकी एकीतच राहणाऱ्याला दिसत नाही, आणि ही दृष्टी आपण केवळ वाचकाला अडखळू नये म्हणून फेकून देत आलो आहोत. जेथे मराठी शब्द नसेल तेथे तमिळ शब्द घ्यावा. अक्का आणि अण्णा घेताना आपली भाषा बाटली नाही.

याचा अर्थ प्रत्येक कवितेत काळवीट सोडावे असा नाही. स्थानिक रंग म्हणून शिंपडलेले तमिळ शब्द आणि चवीला घातलेले मोगऱ्याचे गजरे हे मृगाच्या खोट्या पावसाइतकेच खोटे. पाहुण्याचे डोळे नव्याने दिपतात. रहिवाशाचे डोळे सवयीने मिटतात. लिहिणाऱ्याला सवय झाल्यानंतरही पाहत राहावे लागते, आणि हे कष्टाचे काम आहे. ते त्याने करावे असे वाटत असेल तर ते छापण्याची आणि वाचण्याची तयारी आपण ठेवली पाहिजे.

म्हणून माझे म्हणणे संपादकांना, अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांना आणि मराठीच्या विद्यार्थ्यांना आहे. ‘महाराष्ट्राबाहेरील मराठी साहित्य’ हा वेगळा कप्पा बंद करावा. त्या कप्प्यात टाकलेले लेखन सहानुभूतीने वाचले जाते, निकषांनी तपासले जात नाही. तंजावरची नाटके नाटकाच्या इतिहासात त्यांच्या काळाच्या जागी शिकवावीत. आणि दूरवरून आलेल्या हस्तलिखितात एखादा ऋतू चुकीच्या महिन्यात आढळला तर लाल शाई उचलण्यापूर्वी तो महिना तेथे कसा असतो, याची चौकशी करावी.

त्या गृहस्थांचे हस्तलिखित मी अजून परत केलेले नाही. पाऊस कोठला आहे, एवढेच मला त्यांना विचारायचे आहे. तीस वर्षांपूर्वी दुसऱ्या एका लेखकाला हे मी विचारायला हवे होते.