नदी फुटांत नव्हे, क्युसेकमध्ये मोजा

पावसाळ्यात सांगलीचे लक्ष कृष्णेवरच्या आयर्विन पुलाखालच्या आकड्यावर खिळलेले असते. ४० फूट इशारा पातळी, ४५ फूट धोका पातळी. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्याही वर गेले. घर कधी सोडायचे हे ठरवायला हा आकडा पुरतो. पण पाणी कुठून आले आणि पुढे का सरकत नव्हते, हे फुटांचा आकडा सांगत नाही. त्यासाठी सेकंदाला किती घनफूट (क्युसेक) पाणी वाहते, म्हणजे विसर्ग, हवा. तरीही आपली सगळी चर्चा पातळीभोवतीच फिरते. पुराची कारणे तपासणाऱ्या वडनेरे समितीने २०१९ च्या महापुराचे खापर खाली कर्नाटकात असलेल्या अलमट्टी धरणावर फोडले नाही, पण त्या धरणाची पातळी ५१९.६ मीटरवरून ५२४.२५६ मीटर करण्याचा विषय निघाला की फुगवट्याचा, म्हणजे धरणामुळे मागे तुंबणाऱ्या पाण्याचा, वाद पुन्हा पेटतो. पूरग्रस्तांची भीती खरी आहे, म्हणूनच तिला मोजलेल्या प्रवाहाचे उत्तर मिळायला हवे.

विसर्ग मोजणे कष्टाचे काम आहे. सरितामापन केंद्रावर नदीच्या पात्राचे उभे भाग पाडतात, प्रत्येक भागाची खोली घेतात, करंट मीटर खोलीच्या साधारण सहा दशांशावर धरून वेग टिपतात आणि क्षेत्रफळ गुणिले वेग अशी बेरीज करतात. हे दर तासाला शक्य नसते. म्हणून अनेक मोजण्यांवरून पातळी आणि विसर्ग यांचा एक आलेख बसवतात आणि एरवी फक्त पातळी वाचून विसर्ग काढतात. हा आलेख नाजूक असतो. गाळ साचला वा तळ खरवडला गेला की तो चुकतो. चढत्या पुरात आणि उतरत्या पुरात पातळी तीच असली तरी विसर्ग बहुधा वेगळा असतो. सांगलीच्या खाली हरिपूरला वारणा आणि नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते. या नद्या फुगल्या की वरचे पाणी तुंबते, म्हणजे पातळी वाढूनही पुढे जाणारे पाणी त्या प्रमाणात वाढलेले नसते. त्यातच ऐन महापुरात नाव पात्रात घालता येत नाही आणि आलेखाचे वरचे टोक अंदाजाने लांबवावे लागते. ज्या आकड्याची सर्वाधिक गरज, तोच सर्वात कमी मोजलेला राहतो.

राज्यांमधले कृष्णेचे पाणीवाटपही याच मोजमापावर उभे आहे. बच्छावत लवादाने १८९४-९५ पासूनची विजयवाड्याच्या प्रवाहाची ७८ वर्षांची मालिका धरली, ७५ टक्के विश्वासार्हतेचे २०६० टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी ठरवले आणि महाराष्ट्राला त्यातले ५६० टीएमसी दिले. ब्रिजेशकुमार लवादाने १९६१-६२ पासूनची ४७ वर्षे घेतली, तेव्हा सरासरी २५७८ टीएमसी निघाली. नदी एकच, पण मालिका आणि कसोटी बदलताच आकडा बदलला. शिवाय धरणे आणि कालवे वाढल्यापासून नदीचे नैसर्गिक पाणी काढायचे तर खाली मोजलेल्या पाण्यात वर वापरलेले पाणी मिळवावे लागते. हा वापराचा हिशेब मुख्यतः राज्यांचाच असतो. त्यात हात आखडला की नदीच कागदावर लहान होते. म्हणून कालव्यांच्या मुखाशीही तितकेच काटेकोर मोजमाप हवे, आणि ही मागणी महाराष्ट्राने स्वतःपासून सुरू करावी.

धरणांतून सोडलेल्या पाण्याचे आकडे जाहीर होतातच, मग आणखी काय हवे, असे विचारले जाईल. पण ते आकडे बहुतेक वेळा दरवाजे किती उघडले आणि जलाशयाची पातळी किती यावरून सूत्राने काढलेले असतात. ११,५७४ क्युसेक चोवीस तास वाहिले की एक टीएमसी होतो, हे गणित सोपे आहे. धरणाखालच्या मुक्त पाणलोटात कोसळलेला पाऊस मात्र त्यात कुठेच येत नाही. उपग्रह आणि रडार हे काम करतील, हा दुसरा आक्षेप अर्धाच खरा आहे. २०२२ च्या अखेरीस सोडलेला स्वॉट उपग्रह रुंद नद्यांची पातळी आणि उतार टिपतो, पण त्याचे चक्र २१ दिवसांचे आहे. कृष्णेचा पूर त्याआधी येऊन ओसरतो. पुलावरचे रडार पृष्ठभागाचा वेग देते, तळाची खोली देत नाही. ध्वनिलहरींनी वेग मोजणाऱ्या यंत्राने तासांचे काम मिनिटांत होते, पण तेही प्रशिक्षित माणसांनीच पाण्यावर न्यावे लागते. ही पदे भरणे हा खर्च एका महापुराच्या नुकसानभरपाईपुढे किरकोळ आहे.

आकडे उघड केले तर राज्यांमधला तंटा वाढेल, ही भीती मला सर्वात कमी पटते. गंगा-ब्रह्मपुत्रेप्रमाणे कृष्णा देशाची सीमा ओलांडत नाही, त्यामुळे गोपनीयतेचे कारण इथे लागू पडत नाही. तंटा आजही आहेच, फक्त तो एकमेकांच्या अविश्वासावर चालतो. वारणा आणि पंचगंगेच्या मुखांजवळ, राजापूर बंधाऱ्यावर आणि पलीकडे अलमट्टीच्या वर, दोन्ही राज्यांच्या अभियंत्यांनी एकत्र मोजलेला विसर्ग दर तासाला प्रसिद्ध व्हावा. सोबत प्रत्यक्ष मोजणी शेवटची कधी झाली आणि आकडा किती टक्क्यांनी चुकू शकतो, हेही छापले जावे.