‘आंधळा आहेस का?’ याला भेदभाव म्हणायचं का?

गेल्या महिन्यात वर्ध्यात आम्हा कार्यकर्त्यांची बैठक होती. विषय साधा होता, आमच्या ग्रुपसाठी नियम लिहायचे. धर्म, जात किंवा बाई-पुरुष यावरून कोणी कोणाला हिणवलं तर आधी समज द्यायची, मग ग्रुपबाहेर काढायचं. यावर पाच मिनिटांत एकमत झालं. मग एका मुलीने त्या यादीत अपंगत्वही घाला म्हटलं आणि पुढचा दीड तास त्यातच गेला.

विरोधात बोलणाऱ्यांत मीही होतो. ‘आंधळा आहेस का’, ‘बहिरा झालास का’ हे आपण दिवसातून दहादा म्हणतो. मी सॉफ्टवेअरवाला, आमच्याकडे अडखळणाऱ्या प्रोग्रामला लंगडा आणि चुका करणाऱ्या सहकाऱ्याला मेंटल म्हणणं रोजचंच. त्या वेळी अपंग माणूस समोर नसतो, मग भेदभाव झाला कोणाशी? शिवी वाईट, पण नोकरी नाकारणं वेगळं, असं माझं म्हणणं होतं. पोलिओमुळे कुबडी घेऊन चालणारे आमचे एक ज्येष्ठ सहकारी तर वैतागूनच म्हणाले, “प्रमाणपत्रासाठी मी किती चकरा मारल्या ते विचारा. भेदभाव तो असतो. तुम्ही बसा शब्द धरून.”

त्यांच्या बोलण्याला उत्तर सोपं नव्हतं. माझ्या बोलण्याला मात्र त्या मुलीने लगेच दिलं. “भाईजान, आपल्याला ‘पंक्चरवाले’ म्हणतात, ते काय असतं मग?”

पंक्चर काढणं हा मेहनतीचा धंदा, त्यात लाजण्यासारखं काहीच नाही. तरी तो शब्द आपल्या अंगावर फेकला जातो तेव्हा आपली लायकी ठरवूनच फेकलेला असतो. पुण्यात नोकरीला लागलो तेव्हा नाव ऐकून खोली नाकारणारा घरमालक मला एकही वाईट शब्द बोलला नव्हता. चहासुद्धा पाजला. शब्द वापरायची त्याला गरजच नव्हती, ते काम दुसऱ्यांनी आधीच करून ठेवलं होतं. स्वतःच्या बाबतीत मी शिवी वेगळी आणि भेदभाव वेगळा असा हिशेब कधी मांडला नाही. दुसऱ्याच्या बाबतीत मात्र लगेच मांडला.

कायद्याचं उत्तर बऱ्यापैकी स्पष्ट आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याच्या कलम ९२ नुसार अपंग व्यक्तीला चारचौघांत, तिची मानहानी व्हावी म्हणून जाणूनबुजून अपमानित करणं गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत आणि दंड. ८ जुलै २०२४ ला ‘आंख मिचोली’ चित्रपटाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अपंगांना कमी लेखणारा विनोद आणि अपंगत्व समजून घ्यायला मदत करणारा विनोद यांत फरक केला. हिणवणारे शब्द संस्थांमधल्या भेदभावाला खतपाणी घालतात, हेही सांगितलं. ऑगस्ट २०२५ मध्ये अपंगांची टिंगल केल्याच्या प्रकरणात काही विनोदकारांना आपापल्या चॅनेलवर जाहीर माफी मागायला लावली. निवडणूक आयोगानेही डिसेंबर २०२३ मध्येच पक्षांना बजावलं होतं की भाषणात आंधळा, बहिरा, लंगडा असे शब्द हिणवायला वापरू नका. ते किती पाळलं गेलं, हे २०२४ च्या दोन्ही निवडणुका पाहिलेल्यांना सांगायला नको.

पण शब्दातून भेदभाव कसा उभा राहतो हे कळायला वर्धेकरांना दिल्लीला जायची गरज नाही. दत्तपूर गावाला लागून आहे. मनोहर दिवाणांनी १९३६ मध्ये तिथे कुष्ठरोग्यांची सेवा सुरू केली, कारण गाव त्यांना ठेवून घेत नव्हतं. ‘महारोगी’ हा शब्द तिथल्या संस्थेच्या नावात सेवेसाठी आला आणि तोच शब्द रस्त्यावर शिवी म्हणून चालला. कुष्ठरोग औषधाने पूर्ण बरा होतो हे १९८० च्या दशकापासून माहीत आहे. तरीही तो घटस्फोटाचं कारण म्हणून कायद्यात टिकून राहिला. २०१९ मध्ये तो पाच कायद्यांतून एकदम वगळला गेला, त्यांत हिंदू विवाह कायदा होता आणि आपला १९३९ चा मुस्लिम विवाह विच्छेद कायदाही. दवा मिळून तीसेक वर्षं झाली तरी भीती कायद्यात राहिली. ती जिवंत कशाने राहिली? माझ्या मते बऱ्याच अंशी त्या शब्दाने.

‘अपंग माणूस समोर नसतो’ हा माझा मुद्दाही टिकला नाही. कायद्यातल्या २१ प्रकारांत कुष्ठरोगमुक्त व्यक्ती आहेत, मानसिक आजार आहे, आणि आपल्या विदर्भात घरोघरी ऐकू येणारा सिकलसेलही आहे. चेहऱ्यावरून यातलं काय ओळखू येणार? आमच्या ग्रुपमध्ये कोण गप्प बसून वाचत असतं, मला काय ठाऊक.

मग ‘आंधळा’ हा शब्दच बाद करायचा का? नाही. बोबडे आडनावाचे नागपूरचे न्यायमूर्ती देशाचे सरन्यायाधीश होते. हदीसच्या मोठ्या रावींमध्ये अल-आरज म्हणजे लंगडा आणि अल-आमश म्हणजे अधू डोळ्यांचा, याच नावांनी ओळखले गेलेले विद्वान आहेत. हा वाद आपल्याकडे जुनाच आहे. तेराव्या शतकात इमाम नववींनी ‘रियाजुस्सालिहीन’मध्ये त्याचा निकाल दिलाय: ओळख पटवायला असं नाव घेता येतं, कमीपणा दाखवायला घेतलं तर हराम, आणि दुसऱ्या नावाने ओळख पटत असेल तर तेच बरं.

आमच्या मोहल्ल्यात एक टेलर आहेत. दुकानावर त्यांचं नाव हातभर मोठ्या अक्षरांत रंगवलंय. त्या पाटीखाली उभं राहून लहानपणापासून आम्ही त्यांना लंगडे मास्टरच म्हणत आलो.

बैठकीत अपंगत्व हा शब्द यादीत घातला. स्वतःच्या अपंगत्वावर कोणी स्वतः विनोद केला तर त्याला हा नियम लागू नाही, असंही लिहिलं. ज्येष्ठ सहकाऱ्यांचं उत्तर मात्र अजून बाकी होतं. उठताना ते कठड्याला धरून एकेक पायरी उतरू लागले तेव्हा आमच्या लक्षात आलं, बैठक आम्ही पहिल्या मजल्यावर ठेवली होती. पुढची तळमजल्यावर आहे.